पासवर्ड, दिवाणजी आणि अठरा पॉइंटची अक्षरं

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका नवीन मुलाने विचारलं, "सर, डेस्कटॉप ॲपला लॉगिन आणि युजर सेटिंग्ज लावायची आहेत. दोन दिवसांत होईल ना?" मी म्हणालो, होईल. दोन दिवसांत नक्की होईल. मग चहा घेताना एकदम आठवलं की मला हेच काम नीट करायला पाच वर्षं लागली होती. पाच वर्षं! आणि त्यात एका म्हाताऱ्या माणसाचं मन मी विनाकारण दुखावलं होतं.

ही गोष्ट घरातल्या बऱ्याच जणांना अर्धी अर्धी माहीत आहे. मामी हे वाचणार आहे, त्यामुळे जपून लिहितो.

वाळवा तालुक्यात मामांचं खता-बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईक सगळं ऊसवालं. म्हणजे धंदा सगळा उधारीवर. लागणीच्या वेळी खत न्यायचं, कारखान्याचं बिल आलं की पैसे द्यायचे. मध्ये वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर सगळा हिशोब लाल वहीत, आणि ती वही दिवाणजींच्या ताब्यात. रोजकीर्द, खतावणी, कुणाकडे किती थकलंय, कुणाचं बिल कधी निघणार, हे सगळं त्यांना तोंडपाठ. वही हा आपला केवळ पुरावा.

२००४ साली मी नवा नवा प्रोग्रामर. अंगात रग भरपूर. दिवाळीच्या सुट्टीत गेलो आणि व्हीबी-सिक्समध्ये त्या वहीचा प्रोग्राम लिहून टाकला. मागे ॲक्सेसची एक एमडीबी फाइल. मराठी नावं दिसावीत म्हणून जुन्या फॉन्टची कसरत, कारण व्हीबीचे कंट्रोल युनिकोड जाणत नव्हते. पासवर्ड वगैरे काही नाही. आयकॉनवर दोनदा टिचकी मारली की थेट रोजकीर्द. दिवाणजी साठीला आलेले, पण महिनाभरात माझ्यापेक्षा वेगाने नोंदी करू लागले. माऊसला हात नाही. फक्त आकडे आणि एंटर, आकडे आणि एंटर.

दोन वर्षं छान गेली. मग एक दिवस मामांचा फोन आला. आवाज चढलेला. "त्या प्रोग्रामला कुलूप लाव. ह्याच रविवारी."

झालं होतं असं की गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि बैठकीत वरपक्षाकडच्या कुणीतरी त्याच्या उधारीचा आकडा बोलून दाखवला. अंदाजे नाही, रुपयापर्यंत बरोबर. तो माणूस दुकानात येऊन मामांसमोर उभा राहिला. भांडला नाही. नुसतं म्हणाला, "मालक, माझी बाकी तुमच्या वहीत असती. गावात कशी गेली?" मामांकडे उत्तर नव्हतं. आकडा माहीत असणारी माणसं दोन. एक मामा. दुसरं कोण, ते कुणी मोठ्याने बोललं नाही.

मी रविवारी कुलूप लावलं. दोन युजर केले. मामा ॲडमिन, दिवाणजी साधे. साध्या युजरला उधारीची यादी बंद, जुनी नोंद बदलणं बंद, छपाई बंद. तीन वेळा पासवर्ड चुकला की प्रोग्राम बंद. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं त्या दिवशी.

सोमवारी सकाळी दिवाणजींना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्चीत बसले, पासवर्ड टाकला, तारका उमटल्या. मग उधारीच्या यादीवर गेले तर "आपणांस परवानगी नाही." (हे वाक्य मीच लिहिलं होतं. 'आपणांस' लिहिलं की सभ्य होतं असा माझा समज होता.) त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "भाचेराव, तीस वरसं तिजोरीची किल्ली माझ्या कनवटीला हाय. ती घ्या की मग." आणि खरंच काढून टेबलावर ठेवली. मामांनी ती उचलून परत त्यांच्या हातात दिली. पण कुणी काही बोललं नाही. मी दुपारच्या एसटीने पुण्याला परत.

आता गंमत बघा. काउंटरवर गिऱ्हाईक येतं आणि पहिलं काय विचारतं? "माझी बाकी किती?" दिवाणजींना ती दिसत नाही. मग ते मामांना हाक मारणार. मामा गोडाऊनमध्ये, मामा बँकेत, मामा जेवायला. आठ दिवसांत मामा इतके वैतागले की त्यांनी स्वतःचा पासवर्ड दिवाणजींना देऊन टाकला. तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलेला असायचा, दुधाच्या हिशोबाशेजारी. धाकटा मामेभाऊ कॉलेजातून येऊन संध्याकाळी बसायचा, तोही त्याच पासवर्डने. म्हणजे कुलूप होतं, किल्ली कुलपाशेजारी खिळ्याला टांगलेली होती, आणि प्रत्येक नोंदीपुढे नाव मामांचं पडत होतं. पूर्वी निदान अक्षरावरून कळायचं की नोंद कुणाची!

ह्यात मामांचा दोष नाही, दिवाणजींचा तर नाहीच. पासवर्ड मोडतो तेव्हा आपण माणसांना नावं ठेवतो. बहुतेक वेळा कामाची घडी न बघता कुणीतरी पुण्यात बसून परवानग्या वाटलेल्या असतात.

आणि उधारीचा आकडा गावात गेला कसा? ते चार महिन्यांनी मामीने शोधून काढलं. परसात मेथी टाकायची म्हणून तिने दुकानातून सुटं बी मागवलं होतं. पुडी सोडली आणि कागद वाचला. डॉट मॅट्रिक्सवर दर महिनाअखेर उधारीची लांबलचक यादी छापली जायची. नवी आली की जुनीच्या पाठकोऱ्या बाजूवर कच्चे हिशोब, आणि मग त्या कागदाचे चौकोनी तुकडे करून पुड्या बांधायला. दोन वर्षं आम्ही अख्ख्या पंचक्रोशीची उधारी मेथी-कोथिंबिरीच्या बियांबरोबर घरपोच देत होतो!

मामांनी त्या दिवशी दिवाणजींना घरी जेवायला नेलं. माफी वगैरे शब्दांत मागितली गेली नसावी. आमच्याकडे ती पद्धत नाही. मामीने शेवयांची खीर केली होती एवढं मला नंतर कळलं.

ह्यावरून एक जुनी हकिकत सांगतो. संगणकावरचे पासवर्ड सुरू झाले ते अमेरिकेत, एमआयटीमध्ये, सीटीएसएस नावाच्या प्रणालीवर. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली तिचं पहिलं प्रात्यक्षिक केलं. एकच मोठं यंत्र, अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून वापरणार, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या आणि प्रत्येकाला वेळेचा कोटा ठरलेला. म्हणून पासवर्ड. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ॲलन शेर नावाच्या तिथल्याच संशोधकाला आपल्या कामासाठी आठवड्याचा कोटा पुरेना. त्याने एक पंचकार्ड टाकून पासवर्डची अख्खी फाइल प्रिंटरवर छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर वेळ वापरला. म्हणजे पासवर्डच्या चोरीची जी अगदी सुरुवातीची गोष्ट सांगितली जाते तीही छापील कागदाचीच. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. एमआयटीतही पुड्याच बांधत होते म्हणायचे!

पण त्या गोष्टीतली दुसरी बाब मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे पासवर्ड आला तो 'हा कोण' हे कळावं म्हणून. त्याच्या फायली त्याला मिळाव्यात, त्याचा वेळ त्याच्या नावावर लागावा. 'ह्याला अडवा' हे नंतरचं. आणि मी नेमकं उलटं केलं होतं. अडवायला म्हणून बसवला, आणि कोण आहे ते कळेनासं झालं.

२००९ मध्ये प्रोग्राम सी-शार्पमध्ये नव्याने लिहायला घेतला. ह्या वेळी सुट्टी काढून आठ दिवस दुकानात नुसता बसून राहिलो. तेव्हा लक्षात आलं की दिवाणजींचा खरा त्रास परवानगीचा नव्हताच, अक्षरांचा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा डोळा वाट बघतोय. सकाळी ते कुणाला तरी सांगून अक्षरं मोठी करून घ्यायचे. संध्याकाळी मामेभाऊ यायचा आणि एका पडद्यावर सगळे रकाने मावावेत म्हणून लहान करायचा. सकाळी पुन्हा तेच. तीन वर्षं रोज! आणि कुणी मला कधी सांगितलं नाही, कारण ह्याला 'अडचण' म्हणतात हेच कुणाच्या मनात आलं नाही.

का होत होतं? तर जुन्या प्रोग्राममध्ये मी सेव्हसेटिंग वापरलं होतं. ते रजिस्ट्रीत चालू विंडोज युजरच्या खात्यात लिहितं. दुकानात विंडोजचा युजर एकच, सकाळपासून रात्रीपर्यंत तोच. त्याला दिवाणजी आणि मामेभाऊ ह्यांतला फरक कसा कळणार? नव्या प्रोग्राममध्ये मी डॉटनेटची तयार सेटिंग्ज वापरली. तिथे 'ॲप्लिकेशन' आणि 'युजर' असे दोन वर्ग असतात. युजर शब्द बघून मी खूश. तोही विंडोजचाच युजर! शिवाय ती सेटिंग्जची फाइल प्रोग्रामच्या आवृत्तीप्रमाणे वेगळ्या फोल्डरात जाते. मी आवृत्ती बदलून पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सगळी अक्षरं पुन्हा मुंगीएवढी. अपग्रेड नावाची एक ओळ लिहायची राहिली होती, माझीच चूक.

शेवटी शहाणपण आलं आणि सेटिंग्ज डेटाबेसात एका टेबलात नेली. युजर, सेटिंगचं नाव, किंमत. तीन रकाने. दिवाणजी लॉगिन झाले की अठरा पॉइंट अक्षरं, देवनागरी आकडे, समोर रोजकीर्द, एंटर दाबला की पुढचा रकाना. मामेभाऊ आला की नऊ पॉइंट, समोर उधारीची यादी. प्रिंटरचं नाव, फायलींची जागा, ह्या गोष्टी मात्र त्या यंत्राच्या. त्या यंत्रापाशीच ठेवल्या. हे सेटिंग माणसाचं, यंत्राचं की दुकानाचं, एवढा प्रश्न प्रत्येकाला विचारला तरी निम्मं काम होतं. जीएसटीचा दर कुणाची वैयक्तिक आवड नसते, आणि अक्षराचा आकार दुकानाचं धोरण नसतं. ऐकायला बावळट वाटतं, पण दोन्ही एकाच खिडकीत कोंबलेले प्रोग्राम मी आजही बघतो.

गंमत म्हणजे ह्यानंतर पासवर्ड वापरा असं कुणाला सांगावं लागलं नाही. स्वतःच्या नावाने आत शिरलं की स्वतःची अक्षरं मिळतात, मग दुसऱ्याच्या नावाने कोण कशाला जाईल? धाकाने जे झालं नाही ते अठरा पॉइंटने झालं.

उधारीची यादी दिवाणजींना खुली केली. बंद ठेवली ती फक्त जुन्या महिन्यांतल्या नोंदी खोडण्याची सोय, आणि ती मामांनाही बंद. खोडायची नाही, उलट नोंद करायची. वहीत तरी कुठे पान फाडता येतं? तीन चुकांनंतरचं कुलूपही काढलं. गर्दीच्या वेळी थरथरत्या बोटांनी तीनदा चुकणं अगदी सोपं असतं आणि समोर दहा माणसं उभी असतात. त्याऐवजी प्रत्येक चुकीनंतर थोडं जास्त थांबायला लावतो. आणि तारकांऐवजी अक्षरं दाखवणारी एक चौकट ठेवली. मागे भिंत असलेल्या माणसाने पासवर्ड कुणापासून लपवायचा?

आता एक कबुलीजबाब. पहिल्या आवृत्तीत मी पासवर्ड जसेच्या तसे एका टेबलात ठेवले होते. ज्याच्या संगणकावर ॲक्सेस आहे त्याने ती फाइल उघडावी आणि वाचावेत. शिवाय मामा विसरले तर पंचाईत नको म्हणून कोडमध्येच एक चोरदरवाजा ठेवला होता. पासवर्ड काय, तर माझंच नाव. हसू नका. मोठमोठ्यांनीही हे केलंय. २००९ च्या डिसेंबरात रॉकयू नावाच्या कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले, तेही असेच उघडे ठेवलेले होते. त्यांत सगळ्यांत लाडका पासवर्ड निघाला १२३४५६.

खरं तर योग्य रीत तेव्हाही जुनीच होती. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन ह्यांनी युनिक्सच्या पासवर्डांवर १९७९ मध्ये लिहिलेल्या लेखात ती आहे. पासवर्ड ठेवायचाच नाही, त्याचा चोथा ठेवायचा. गुऱ्हाळात ऊस घातला की रस निघतो, रसावरून ऊस परत उभा करता येत नाही, तसं. लॉगिनच्या वेळी आलेला पासवर्ड पुन्हा त्याच चरकातून काढायचा आणि दोन्ही रस जुळतात का बघायचं. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी रस वेगळा निघावा म्हणून प्रत्येकाच्या उसात वेगळं मीठ टाकायचं (सॉल्ट म्हणतात त्याला, मी केलेला विनोद नाही). आणि चरक मुद्दाम हळू फिरवायचा. आपल्याला एकदाच पिळायचं असतं, चोराला कोट्यवधी वेळा. पीबीकेडीएफ-टू नावाचा चरक डॉटनेटमध्ये २००५ पासून तयार मिळतोय. मी २००९ मध्ये त्याचे हजार फेरे ठेवले होते. आज त्याच्यासाठी ओवॅस्पची शिफारस शा-२५६ बरोबर सहा लाख फेऱ्यांची आहे. म्हणून फेऱ्यांचा आकडाही पासवर्डशेजारी लिहून ठेवावा, म्हणजे पुढे वाढवता येतो.

पण हे सगळं करूनही एक गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावी, जी आपण प्रोग्रामर सांगत नाही. लॉगिनची खिडकी म्हणजे दुकानाचं दार. डेटाबेसची फाइल त्याच हार्डडिस्कवर उघडी पडली असेल तर मागची भिंत नाहीये. फाइल स्वतः एन्क्रिप्ट केलेली हवी, विंडोजला पासवर्ड हवा, आणि मामेभाऊ जो बॅकअपचा पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात घालून लग्नकार्यांना हिंडायचा तोही एन्क्रिप्ट केलेला हवा. शेतकऱ्याची बाकी ही त्याची खासगी गोष्ट आहे. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा झाला, ते चांगलंच. पण बैठकीत मान खाली गेलेल्या बापाला कायद्याने सांगायची गरज नव्हती.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती मी कधीच केली नाही. तेव्हा आळसाने, आता विचाराने. ज्या अमेरिकन सरकारी मार्गदर्शिकेमुळे कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह आणि वरचेवर बदल हे सगळं जगभर पसरलं ती २००३ ची. तिचे लेखक बिल बर ह्यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने मुदतीवर बदलायची सक्ती करू नका असं लिहिलं. तरी आमच्या ऑफिसात अजून दर नव्वद दिवसांनी बदलायला लागतो. असो.

चोरदरवाजा मी काढून टाकला. त्याऐवजी मामीला दुसरी ॲडमिन केलं. मामा विसरले की मामी नवा देते. मामीचा पासवर्ड आजतागायत कुणाला कळलेला नाही, आणि ती तो कधी विसरलेली नाही.

२०११ साली एका शेतकऱ्याची साडेचौदा हजारांची जमा नोंद खात्यावरून गायब झाली. त्याच्याकडे पावती, आमच्याकडे नोंद नाही. दुकानात पुन्हा तीच शांतता पसरली, २००६ सारखी. पण ह्या वेळी प्रत्येक नोंदीचा माग होता. त्याच दिवशीची नोंद खोडायची सोय होती, आणि रात्री नऊ चाळीसला ती मामेभावाच्या नावावर खोडली गेली होती. दुबार पडली असं त्याला वाटलं होतं. दिवाणजी तर सातलाच घरी जात. दोन मिनिटांत प्रश्न मिटला आणि मामेभावाने कान धरले. दिवाणजी एवढंच म्हणाले, "माझं नाव न्हाई न्हवं तिथं? एकदा छापून द्या." मी छापून दिलं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि वर म्हणाले, "ह्याची पुडी बांधू नगा."

पासवर्ड म्हणजे अविश्वास असं पुष्कळ जण म्हणतात, तेव्हा मला तो कागद आठवतो. ज्याच्यावर पहिला संशय येणार अशा माणसाला तर स्वतःचा पासवर्ड सगळ्यांत आधी मिळायला हवा. २००६ मध्ये तो मी मालकाच्या बाजूने विचार करून लावला होता. दिवाणजींच्या बाजूने केला असता तर प्रोग्राम वेगळाच झाला असता.

दिवाणजी २०१६ मध्ये घरी बसले, २०१९ मध्ये गेले. प्रोग्रामात युजर काढून टाकायची सोय मी दिलेलीच नाही, फक्त 'बंद' करता येतो. जुन्या हजारो नोंदी त्या नावाकडे बोट दाखवतात, ते नाव पुसून कसं चालेल? त्यामुळे यादीत ते अजून आहेत, करड्या रंगात.

मागच्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. तोही आता चाळिशी ओलांडून गेलाय, चष्मा लागलाय. "दादा, ती मोठी अक्षरं कुठं होती रे? दिवाणजींची?"

मी म्हणालो, मामीला सांग. तिच्या लॉगिनने आत जाऊन दिवाणजींची सेटिंग्ज तुझ्या नावावर कॉपी करायला. तो म्हणाला, "आई म्हणते, आधी बाहेर जा, मग पासवर्ड टाकते."